अंतरा कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या प्रेमाच्या गाण्यांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र लेखकाने ही सगळी गाणी 'विरहाची रडगाणी' म्हणून एकाच गाठोड्यात बांधली आणि प्रत्येकाचे केवळ धृपद सांगून पुढचे गाणे घेतले, याचे वाईट वाटले. मी बरीच वर्षे सुगम संगीत शिकवतो, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मला आठवते आहे किंवा मला विसरायचे आहे, एवढेच धृपद सांगते. काय आठवते, ते अंतऱ्यात, म्हणजे धृपदानंतरच्या कडव्यात असते. हसरत मोहानी यांची 'चुपके चुपके रात दिन' ही गझल घ्या. गुलाम अलींच्या आवाजात, १९८२ च्या 'निकाह' चित्रपटामुळे ती घरोघरी पोहोचली. तिचा रदीफ 'याद है' असा आहे, म्हणजे प्रत्येक शेर या दोन शब्दांवर येऊन थांबतो आणि दर वेळी तिथे एक नवी आठवण उभी असते. एका शेरात भर दुपारच्या उन्हात ती त्याला बोलावण्यासाठी अनवाणी गच्चीवर येते. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, अश्रू आहेत म्हणून गझलेला रडगाणे म्हणायचे, तर तापलेल्या गच्चीवरची ती उतावीळ पावले कुठे ठेवायची?

विसरण्याची गाणी त्याहून अवघड, आणि माझ्या मते अधिक धीट. ज. के. उपाध्ये यांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले 'विसरशील खास मला' हे भावगीत पाहा. तिथे अजून कोणी कोणाला विसरलेले नाही. उलट समोरचा आत्ता गोड वचने देतो आहे आणि तरीही हा विसरणार, हे गाणाऱ्या व्यक्तीला स्पष्ट दिसते आहे. का विसरणार, याचे उत्तर पुन्हा अंतऱ्यात मिळते: नजरेआड गेले की सृष्टीच निराळी होते, भोवती नाना विषय असतात, त्यांत गुंतल्यावर दिलेले वचन कोणाला आठवणार? फसवणुकीचा आरोप न करता, रोजच्या व्यापात प्रेम कसे नकळत मागे पडते हे इतक्या समजुतीने सांगणारे दुसरे गाणे मला पटकन आठवत नाही. नुसते धृपद ऐकले तर ते लटक्या रुसव्याचे गाणे वाटते.

'गुमराह' (१९६३) मधले साहिर लुधियानवींचे 'चलो इक बार फिर से अजनबी बन जाएँ हम दोनों' शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, 'सर, विसरायचंच आहे तर गाणं कशाला म्हणायचं?' मी त्याला 'फिर से' हे दोन शब्द पुन्हा म्हणायला सांगितले. पुन्हा अनोळखी व्हायचे तर आपण एकदा अनोळखी होतो आणि मग ओळख झाली, हे आधी आठवावेच लागते. रवी यांच्या चालीत महेंद्र कपूर प्रत्येक कडव्यानंतर त्या ओळीकडे परततात, तेव्हा विसरण्याचा तो बेत दर फेरीला अधिक कठीण होत जातो. कडवीच गाळली तर परतायचे कुठून?

हल्ली अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिचित्रफितींमुळे गाळण्याचीच सवय लागली आहे. एका कार्यक्रमात आयोजकांनी माझ्या विद्यार्थिनीला दोनच मिनिटे दिली आणि तिला गच्चीचा तो शेर सोडावा लागला. सूर चोख लागले, टाळ्याही मिळाल्या. पण खाली उतरल्यावर ती म्हणाली, 'सर, मी नुसतंच याद है, याद है म्हणत होते.'

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल, तेव्हा वीस गाण्यांची नावे देण्याऐवजी तीनच गाणी घ्यावीत आणि त्यांतल्या एकेका अंतऱ्याबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
सुगम संगीताचा एक शिक्षक