तरंगणे ठीक, पण गोळ्या बंद करू नका

महोदय,

एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असलेल्यांना पूरक उपाय म्हणून हल्ली ‘फ्लोट थेरपी’ सुचवली जाते. माझ्या २२ वर्षांच्या मुलाने ती घेऊन पाहिली. टाकीतल्या साधारण ३५ अंश सेल्सियसच्या पाण्यात शेकडो किलो एप्सम मीठ विरघळवलेले असते, त्यामुळे अंग आपोआप तरंगते. अंधार, शांतता, तासभर. पहिली वीस मिनिटे नुसती चुळबूळ झाली, मान सैल सोडवेना, असे तो म्हणाला. पण बाहेर आल्यावर त्याने बुटाची नाडी सावकाश, एका बैठकीत बांधली. एरवी सतत हलणारा पाय स्थिर होता. मला भरून आले.

तरीही हा आराम आहे, एडीएचडीवरचा उपचार नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ जॉन लिली यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत अशा टाकीचे पहिले रूप बनवले ते मेंदूच्या अभ्यासासाठी. पुढचे संशोधन मुख्यतः चिंता आणि ताणावर झाले, एडीएचडीवर फार थोडे. मग ‘गोळ्या सोडा, तरंगा’ असा सल्ला कोणी कशाच्या जोरावर देतो? माझ्या मुलाची औषधे आणि वर्तनोपचार चालूच आहेत. फेफरे येणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकीत उतरूच नये. केंद्रांनी ही सूचना दारावरच ठळक लावावी.

– एक पालक