निलू, आईला बोरोबुदूरला नेऊ की नको?

प्रिय निलू,

जय भीम.

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. फोनवर सांगण्यासारखं नाहीये, तू मध्येच हसतेस आणि मग मला राग येतो, म्हणून लिहितेय. तब्येत ठीक, शुगर काठावर, पाठ आहे तशीच. झालं.

मी जावाला जाऊन आले. एकटीच. टूरवाल्यांकडे चौकशी केली होती, पण त्यांच्या इंडोनेशियात फक्त बाली असतं, झोपाळे आणि समुद्र आणि संध्याकाळी पावभाजी. बोरोबुदूर, तो जावातला जुना प्रचंड बौद्ध स्तूप, म्हटलं की "मॅडम ते वेगळं पडतं". पडू दे म्हटलं. पाच लाख रुपयाचा (त्यांच्या रुपयातला, घाबरू नको) ऑनलाइन व्हिसा काढला आणि योग्याकार्ताला उतरले. तिथून बोरोबुदूर चाळीसेक किलोमीटर. बसनं जाणार होते, जोंबोर टर्मिनलवर जाऊन उभीही राहिले, पण बस कधी सुटणार ते तिथल्या कोणालाच नक्की सांगता येईना, शेवटी मोबाईलवरून गाडी बोलावली. ड्रायव्हरला माझं इंग्रजी कळत नव्हतं आणि मला त्याचं, तरी सगळा रस्ता आम्ही गप्पा मारल्या.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये.

मी वर होते, अगदी वर, गोल ओट्यांवर. ते जाळीदार स्तूप आहेत ना, बहात्तर, प्रत्येकात एकेक बुद्ध बसवलेला, तिथं. गाइड म्हणाला फोटो काढून घ्या पटापट. मी फोटो सोडून आईला व्हिडिओ कॉल लावला. नेट नेमकं चांगलं होतं. तिनं चष्मा लावला, मी फोन स्तूपाच्या भोकाशी धरला, आतल्या बुद्धाचे हात दिसत होते, धम्मचक्र मुद्रा. आई काहीच बोलेना. मला वाटलं कॉल अडकला. मग म्हणाली, "बंद कर ते. फोनवर नको दाखवू. मला येऊनच बघायचंय." आणि ठेवला फोन.

निलू, तुला माहितेय आई कशी आहे ते. साडीच्या दुकानात नेलं तरी "तुमच्या मनाला येईल ती घ्या". अण्णा गेले त्यानंतर तर विचारायचीच सोय नाही, काय हवं विचारलं की "मला काय करायचंय आता". ह्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि मागितलं काय, तर जावा!

आता माझी झोप उडालीय.

कारण मी ते चढून आलेय. पायऱ्या बघितल्यास तर तू मला वेड्यात काढशील. उंच, अरुंद, आणि एकीची उंची दुसरीला लागत नाही. अख्खी वास्तू पस्तीसेक मीटर उंच असेल, म्हणजे आकडा ऐकायला काही नाही, पण सहा चौकोनी मजले आणि त्यावर तीन गोल, आणि सावली म्हणशील तर भिंतीची पडेल तेवढीच. आईचा डावा गुडघा बदललाय. उजव्याचं नाव काढलं की म्हणते, "तो राहू दे, तो माझ्याबरोबरच जळेल." आता हा उजवा गुडघा घेऊन तिला वर चढवायचं कसं? अजिंठ्याला निदान डोलीवाले असतात. इथं तसलं काही दिसलं नाही. मे 2025 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आले होते तेव्हा पायऱ्यांवर सरकणारी खुर्ची बसवली होती म्हणे, त्यावरून तिथं केवढी तरी बोंबाबोंब झाली, वारशाला धक्का लागतो वगैरे. मी गेले तेव्हा साध्या तिकिटावर खुर्चीत बसून वर चाललेलं कोणी दिसलं नाही. म्हणजे आईला आधी राष्ट्राध्यक्ष करावं लागेल. स्वभाव आहेच.

बरं, नुसतं तिकीट काढलं की चढला असंही नाही राहिलं आता. खालच्या मैदानाचं तिकीट वेगळं, वर चढायचं वेगळं. मी गेले तेव्हा दिवसाला बाराशेच माणसं वर सोडत होते, वेळ ठरवून, गाइडबरोबर, साधारण तासभर. सोमवारी वर बंद होतं. परदेशी माणसाला वरचं तिकीट चार लाख पंचावन्न हजार रुपिया. आपले अडीच हजाराच्या आसपास होतात, पण दादाला मी मुद्दाम लाखातच सांगितलं. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. आपल्या पैशात सांगितल्यावरही त्याचं तेच, एवढ्या खर्चात गच्चीवर खोली होईल. त्या खोलीत कोण राहणार ते काही सांगत नाही.

आणि चपला! आपल्या चपला काढून त्यांच्याच घालाव्या लागतात, केवड्याच्या जातीच्या पानांच्या विणलेल्या, उपानत म्हणतात, दगड झिजू नये म्हणून. तिकिटातच येतात, नंतर घरी न्यायच्या. आसपासच्या गावातली माणसं विणतात. माझ्या पायाला बऱ्या बसल्या, पण तळवा पातळ, प्रत्येक दगड कळतो. आईच्या टाचांच्या भेगा तुला माहितीयत. मी माझी जोडी आणून तिला दिली, तर घालून स्वयंपाकघरात फिरली आणि म्हणाली, "ह्या घालून येईल की मला चढता." सराव चाललाय तिचा!! मी अजून हो म्हटलेलंच नाही.

तू आता म्हणशील की वर चढायलाच कशाला हवं. तेच तर. मी एकटी असताना हाच विचार करत फिरले. खरं सांगायचं तर मी बघायला कमी आणि मोजायला जास्त गेले होते. इथं बसता येईल, इथं येणार नाही, इथून संडास किती लांब. लोक बुद्धाचे फोटो काढत होते आणि मी बाकड्यांचे.

तर ऐक. खालून आग्नेय कोपऱ्यात जायचं. तिथं पायाचे थोडे दगड काढून ठेवलेत आणि आतलं जुनं कोरीवकाम दिसतं. बाकीचं सगळं बाहेरच्या जाड ओट्याखाली गाडलेलं आहे. असे एकशे साठ शिल्पपट आहेत आत, चांगल्या-वाईट कर्माचं काय फळ मिळतं त्याचे. बांधकाम खचायला लागलं म्हणून आधार दिला असं बहुतेक जण म्हणतात, आत काहीतरी आहे हे 1885 मध्ये कळलं, मग दगड काढून सगळ्यांचे फोटो घेतले आणि परत झाकलं. तेवढा कोपरा उघडा आहे. काही ठिकाणी शिल्पकारासाठी वर कोरलेल्या सूचनाही तशाच राहिल्यात, इथं काय काढायचं त्याच्या. हे आईला जमिनीवर उभं राहून बघता येईल. पण कर्माचं फळ बघायला आईला एवढ्या लांब न्यायचं, म्हणजे ती तिथं उभी राहून दादाचाच विषय काढणार.

तिला बघायचंय ते एक मजला वर आहे. पहिल्या गॅलरीच्या भिंतीवर वरच्या रांगेत भगवंतांचं सगळं चरित्र आहे, एकशे वीस पट, तुषित स्वर्गापासून सारनाथच्या पहिल्या प्रवचनापर्यंत. पूर्वेकडून चढायचं आणि भिंत उजवीकडे ठेवून चालायचं. मायादेवीचं स्वप्न, हत्ती. मग एका ठिकाणी सिद्धार्थ तलवारीनं केस कापतोय. दुसरीकडे सुजाता. निलू, मी त्या केस कापण्यापाशी थांबले आणि गाइड पुढे गेला आणि परत येऊन मला घेऊन गेला, मग पुन्हा थांबले आणि पुन्हा आला. बिचारा. एक तासात त्याला सगळ्यांना वर न्यायचं असतं आणि मी पहिल्याच मजल्यावर चिकटलेली. सगळ्या भिंतींवरच्या गोष्टी नीट वाचायच्या तर दहा फेऱ्या मारायला लागतात, गोष्टींचेच चौदाशे साठ पट आहेत, तासाभरात काय होणार. आपण दोघी असतो तर गाइडशी भांडून दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं असतं. मी न भांडता काढलं. परदेशात भांडायला सोबत लागते.

तर प्रश्न असा आहे की एक मजला चढून आईला पुरेल का? तू म्हणशील पुरेल. मला नाही वाटत. तिला वर जाऊन त्रिशरण पंचशील म्हणायचंय, तसं बोलूनही दाखवलं तिनं. खाली उभी राहून मान वर करून बघत बसणारी बाई नाही ती. आणि वर नेलं आणि मधेच गुडघा अडला तर? उतरताना तर जास्त वाईट. मीच आडवी आडवी उतरले, खेकड्यासारखी.

गाइडला मी विचारलं शेवटी. चांगला मुलगा होता, त्याच गावचा, मुसलमान, वैशाख पौर्णिमेला जवळच्या मेंदुत मंदिरापासून इथपर्यंत मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यावर उभं राहून बघतो म्हणाला, लहानपणापासून. तो म्हणाला म्हातारी माणसं येतात, काही वर जातात, काही खाली झाडाखाली बसून राहतात. मग जरा थांबून म्हणाला, तुमच्या आईंना आधी मेंदुतला न्या.

आणि इथं तुझी आठवण आली, खरंच. मेंदुत तीन किलोमीटरवर आहे, छोटं मंदिर, थोड्याच पायऱ्या, आणि आत तीनेक मीटरचा एकसंध दगडातला बुद्ध, पाय खाली सोडून बसलेला. वेरूळच्या दहा नंबरमध्ये बसलाय ना, तस्साच! होस्टेलवरून गेलो होतो तेव्हा तू म्हणाली होतीस की हा एकटाच माणसासारखा बसलाय, बाकीचे सगळे फोटोला बसल्यासारखे, आणि मी तुला भर लेण्यात गप्प बस म्हटलं होतं आणि पुढं औरंगाबाद येईपर्यंत एसटीत तू बोलली नव्हतीस. आतमध्ये मी एकटीच होते. एक बाई येऊन उदबत्ती लावून गेली. गर्दी नाही, गाइड नाही, घड्याळ नाही. आईला इथं दिवसभर बसवलं तरी चालेल. बाहेर मोठं झाड आहे, पारंब्यांचं, शेजारी विहारही आहे. माझा जीव त्या एका तासात जरा खाली आला.

पण मग ती म्हणेल, मोठं कुठंय?

जेवणाचं तर बोलूच नको. गुदेग नावाची फणसाची भाजी असते तिकडे, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून केलेली. मला आवडली. आई फणसात गूळ बघून उपाशी झोपेल. ठेचा न्यावा लागेल.

हां, राहिलंच, तुला पुरावा दिल्याशिवाय पत्र संपवणार नाही. ते 1814 मध्ये इंग्रज गव्हर्नर रॅफल्सनं बोरोबुदूर "शोधलं" म्हणून तू वर्गात शिकवतेस ना, तर गावातल्यांनीच त्याला सांगितलं होतं तिथं काहीतरी आहे म्हणून. हरवलं कधी होतं ते! त्याचा माणूस दोनशे मजूर घेऊन झाडं तोडायला गेला एवढंच. आणि 1896 मध्ये सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, राजाला डच सरकारनं आठ गाड्या भरून मूर्ती भेट दिल्या, आता बोल. बिनडोक्याचे बुद्ध ओळीनं बसलेत कोनाड्यांतून, पाचशे चार होते एकूण, त्यातले तीनशेच्या वर मोडलेले. मला वाईट वाटण्यापेक्षा राग आला. आईला काय वाटेल माहीत नाही. कदाचित हेच तिला दाखवू नये असं मला वाटतंय आणि गुडघा नुसता निमित्त आहे. हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं, खरं आहे की नाही देव जाणे. (देव म्हटलं म्हणून आता बावीस प्रतिज्ञा काढू नकोस.)

तर आता मुद्द्याचं. तू अप्पांना बोधगयेला नेलंस तेव्हा मी तुला बोलले होते, आणि ते मी मागे घेत नाही, एप्रिलमध्ये गयेला कोण नेतं गं! पण दवाखान्यातून आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस की अप्पा खूश होते, आणि मला एकदा रात्री फोनवर म्हणालीस की नेलं नसतं तर बरं झालं असतं. आणि मग अप्पांच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्याबद्दल बोलताना पुन्हा तू म्हणालीस की बोधिवृक्षाखालून ते उठायलाच तयार नव्हते. यातलं खरं काय? तिन्ही खरं असेल तर तसं सांग, मला चालेल. पण दवाखान्यात ते स्वतः काय म्हणाले होते ते सांग. तू ते कधीच कुणाला सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही.

मनूचं अॅडमिशन झालं का? पुण्यातच मिळालं तर बरं, होस्टेलला टाकू नकोस, आपलं काय झालं बघितलंस ना. बदलीचं काही कळलं? साहेबांना जय भीम. तुझ्यासाठी वायांगची, म्हणजे तिकडच्या सावल्यांच्या खेळातली, एक चपटी बाहुली आणलीय, चामड्याची, तिचं नाक थेट तुझ्यासारखं आहे, भेटलीस की देते.

उत्तर लवकर लिही, कारण आईनं पासपोर्टसाठी फोटो काढून आणलेत. मला न विचारता, शेजारच्या पोराच्या गाडीवर बसून गेली. मागे बसायला गुडघा दुखत नाही म्हणे.

तुझी
संगी