चिठ्ठ्या चार, आजार एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ फेब्रुवारीला, जागतिक कॅन्सर दिनी, वर्तमानपत्रांत एक ठरलेली चौकट येते. न दुखणारी गाठ, न भरणारी जखम, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज. चौकटीत चूक काही नाही. पण ती वाचून माणसाची समजूत अशी होते की कॅन्सर जिथे असेल तिथेच तो काहीतरी दाखवणार. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्याला मात्र अधूनमधून उलटंच दिसतं. दुखणं छातीत असतं आणि तक्रार पायांची, तहानेची, पोट साफ होत नसल्याची असते.

उभी हयात वखारीत गेलेले, विडीचं बंडल खिशातून कधी न सुटलेले एक मामा मध्यंतरी दुकानात आले. "पायात जीवच न्हाई बघा, क्याल्शियमच्या गोळ्या द्या." ते जुने गिऱ्हाईक, त्यामुळे आधीच्या चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांसमोरच होत्या. तोंड सुकतं आणि रात्री चार-पाचदा उठावं लागतं म्हणून शुगर तपासली होती, ती नॉर्मल. नंतर बद्धकोष्ठासाठी इसबगोल. मग मरगळ आली म्हणून कुठेतरी दोन सलाईन लावल्या, तेव्हा चार दिवस हुशारी वाटली. घरचे म्हणत होते, वयामुळे विसरायला लागलेत, काहीबाही बोलतात. मी गोळ्या दिल्या नाहीत, आधी रक्तातलं कॅल्शियम बघा म्हटलं. साधारण साडेआठ ते साडेदहा असायला हवं ते तेराच्या वर निघालं. मग छातीचा एक्स-रे झाला आणि पुढचं सगळं कळलं.

यातली गंमत, गंमत म्हणवत नाही पण, अशी की अंगात कॅल्शियम जास्त झालेला माणूस कॅल्शियमच विकत घ्यायला आला होता. आणि सलाईनने बरं वाटलं तेही खोटं नव्हतं. कॅल्शियम वाढलेल्या रुग्णाचा पहिला इलाज शिरेतून पाणी देणं हाच असतो. म्हणजे नकळत थोडाफार योग्य उपचार झाला आणि त्यामुळेच मूळ दुखणं आणखी काही दिवस झाकलं गेलं.

हे होतं कसं? तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या काही कॅन्सरमधल्या पेशी एक प्रथिन रक्तात सोडतात. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनची ते हुबेहूब नक्कल करतं. हाडं फसतात आणि कॅल्शियम सोडत राहतात, मूत्रपिंडं ते बाहेर टाकणं कमी करतात. हे प्रथिन १९८७ मध्ये सापडलं. गाठ हाडापर्यंत गेलेलीच असायला हवी असं नाही, तिने रक्तात सोडलेला निरोप पुरतो. फुप्फुसाचाच दुसरा एक प्रकार, स्मॉल सेल, वेगळा हार्मोन सोडतो. त्याने शरीरात पाणी साठतं, सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो, कधी झटके येतात. तिथे तेच सलाईन डोळे मिटून लावलं तर सोडियम आणखी उतरू शकतं. बाहेरून बघाल तर दोघंही "मरगळलेले, काहीबाही बोलणारे" म्हातारेच दिसतात. फरक कळतो तो रक्ताच्या तपासणीतच.

कधी मामला हार्मोनचा नसतो, आपल्याच पहाऱ्याचा असतो. गाठीशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं ती चुकून नसांवर जातात. मग मांड्यांत बळ राहत नाही, खुर्चीतून उठवत नाही, तोंड कोरडं पडतं. असं दुखणं गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधीही येतं. कधी पोटातल्या कॅन्सरमुळे रक्त घट्ट होऊन पायाच्या शिरेत गुठळी होते. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये हे मांडलं. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली, तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यांनी स्वतःच ओळखलं. १८६७ मध्ये ते पोटाच्या कॅन्सरने गेले.

बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळणं, ही खूण तर प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक आहे. दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मध्ये शंकरपाळीच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती मिटली असेल तर डॉक्टरांना हात दाखवा. लगेच घाबरू मात्र नका. फुप्फुसातला जुना पू, जन्मजात हृदयविकार, लिव्हरचा आजार यांतही तसं होतं. तहान आणि लघवी वाढली तर शंभरातल्या बहुतेकांना शुगरच निघणार, पाय गळाले तर बी-बारा किंवा रक्त कमी निघणार. माझा मुद्दा एवढाच आहे की साधं कारण सापडलं नाही आणि माणूस पन्नाशीपुढचा, विडी-मिश्री-तंबाखूवाला, वजन उतरत चाललेला असेल, तर "वयामुळे" म्हणून विषय मिटवू नये.

आता आपल्या भागाचं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथला माणूस एका दुखण्यासाठी किती गावं हिंडतो! नसांसाठी कोल्हापूर, पोटासाठी बेळगाव, मेहुणा मिरजेत म्हणून मिरज, खानापूरकडचे थेट गोव्यात. प्रत्येक डॉक्टर आपल्यापुढचा तुकडा बघतो आणि त्यापुरता बरोबरही असतो. पण चारही चिठ्ठ्या एका जागी येतात त्या फक्त औषधाच्या दुकानात, आणि तिथे लोक गोळ्यांचे पैसे किती होतात तेवढंच विचारतात. महाराष्ट्राने जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाचं आयुष्मान कार्ड आहे. ठीक आहे. पण कार्ड उपयोगी पडतं ते आजाराचं नाव ठरल्यावर. नाव ठरण्याआधीच्या हेलपाट्यांना कुठलं कार्ड नाही.

आणखी एक. कॅन्सर आधीच माहीत असलेल्या रुग्णाला असं काही झालं की घरचे म्हणतात, "आता सगळ्या अंगात पसरला, कशाला हाल करायचे." आणि त्याला घरी घेऊन जातात. कॅल्शियम वाढणं ही बऱ्याचदा आजार पुढे गेल्याची खूण असते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेही औषधांनी खाली आणता येतं आणि बरळणारा माणूस पुन्हा घरच्यांशी नीट बोलू लागतो. सोडियम, नसा, बोटं यांच्या तक्रारी तर गाठ न पसरताही येतात. तेव्हा पसरला की नाही हे डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

गावोगावच्या आरोग्य शिबिरांत शुगर आणि बीपी होतंच. ज्यांच्या तक्रारीचं कारण लागत नाही त्यांच्यासाठी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), सोडियम आणि छातीचा एक्स-रे लिहून द्यावा, एवढी शिबिरातल्या डॉक्टरांना विनंती. अल्ब्युमिन एवढ्यासाठी की अशक्त माणसात ते कमी असतं आणि मग वाढलेलं कॅल्शियमही रिपोर्टात नॉर्मल दिसतं.

वाचकांनी सगळ्या गावांचे कागद तारखेप्रमाणे एकाच फायलीत लावावेत, आणि मेडिकलवाल्यालाही ती फाईल दाखवायला लाजू नये. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा ग्रहण बघायला पोरांच्या हाती देऊ नका. डोळ्यांना ते वाईटच, शिवाय छातीतली सावली नवी की दहा वर्षांपूर्वीची, हे डॉक्टरांना त्या जुन्या फिल्मशी ताडूनच कळतं.

आपला,
एक औषधविक्रेता,
निपाणी, जि. बेळगाव