वरची हळद, खालची हळद

कसबे डिग्रज, जि. सांगली

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मैत्रिणीनं खोलीच्या डिपॉझिटचे 12,000 बुडवले त्याचं एवढं नाही, पण "आप्पा, मला माणसंच ओळखता येत नाहीत" म्हणून तू रडलीस, ते फार लागलं.

ती दर वेळी काय म्हणायची ते तूच सांगितलंस. "अगं, द्यायचे राहूनच गेले." दिले नाहीत असं नाही, राहून गेले. जसे काही पैसेच आपले आपण मागं राहिले! हे बोलणं मी चांगलं ओळखतो, कारण मी ते स्वतः वापरलंय.

तू दुसरीत होतीस. हळद शिजवून वाळत घातली आणि अवकाळीनं गाठलं. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं. पुरतं वाळलेलं हळकुंड मोडलं की कटकन आवाज येतो. आमचं नुसतं वाकत होतं. तसलंच पोत्यात खाली भरलं आणि वर वीतभर कडक माल पसरला. तू पोत्याचं तोंड धरून उभी होतीस. "आप्पा, वरची वेगळी का?" असं विचारलंस. मी खेकसलो, "गप, नीट धर." तुझ्यावर मी इतका कधी ओरडत नव्हतो. तो राग तुझ्यावर नव्हताच गं.

सांगलीच्या मार्केट यार्डात माल विकून देणाऱ्या अडत्यानं वरचं हळकुंड मोडलं, आवाज ऐकला आणि सौदा झाला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, खाली बुरशी धरली आहे. मी म्हणालो, "ओल राहिली असेल." तो काही बोलला नाही. पण पुढच्या सालापासून बोली लागायच्या आधी आमची पोती तो फरशीवर पालथी करायला लावतो. कित्येक वर्षं मी घरी त्यालाच बोल लावत होतो, की बघा, माणसावर भरवसा नाही याचा. तुझी आई ऐकून घ्यायची. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात सगळे खूश होते. मला मात्र ती पोती आठवली.

आता सगळ्यांवरच संशय घेशील, म्हणून एक सांगतो. हळदीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळलाय का ते बघायला हळदीची पूड कालवलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात. तेव्हा चांगली हळदही रंग बदलते. पण वर पाणी ओतलं की तिचा तो रंग ओसरतो आणि भेसळीचा तसाच राहतो. अडचणीत माणूस एखादं खोटं बोलतो. त्या मुलीला सरळ विचार, "तू पैसे दिले नाहीस, कधी देतेस?" मग थोडं पाणी ओतून बघ. नुसती खजील होऊन तारीख सांगते की तुझ्यावरच उखडते, ते कळेल. मी तुझ्यावर उखडलो होतो तसं.

या महिन्यात आमची काढणी आहे. जमलं तर ये, यार्डात बरोबर जाऊ. अडत्याला काय सांगायचं ते मी ठरवलंय, पण आधी तुला सांगायला हवं. वरची वेगळी का, असं विचारलं होतंस ना? वरची वाळलेली होती, बाळा. खालची ओली होती. मी भरली होती.

तुझे
आप्पा