मुलाचा ताबा त्याच अर्जावर

महोदय,
कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात बाईला संरक्षण आदेश (नवऱ्याला हिंसाचारापासून रोखणारा न्यायालयाचा आदेश) मिळाला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मुले कोणाकडे, हा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहतो. आमच्या शेजारणीला नवऱ्याने घराबाहेर काढले आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. ‘आधी तक्रार मागे घे, मग पोरगी ने,’ असा वर निरोप. ताब्यासाठी वेगळा दावा लावावा लागेल, वर्षे जातील, असेच तिला जो तो सांगत होता.

वास्तविक कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या २००५च्या कायद्यातील कलम २१नुसार, संरक्षण आदेशाच्या त्याच अर्जावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. वडिलांची भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली, तर तीही नाकारता येते. पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत आणि तिथून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, हेही कायद्यातच लिहिले आहे. (प्रत्यक्षात काय होते, ते कोर्टाच्या व्हरांड्यात तासभर बसले की कळते!)

भेटीचे दिवस हा तर निराळाच जाच. मुलाला न्यायला-सोडायला नवराच दारात येणार असेल, तर संरक्षण कसले? भेटीची जागा, वेळ आणि सोबत कोण, हे आदेशातच स्पष्ट हवे. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी अर्ज भरून घेतानाच ‘मुले कुठे आहेत?’ असे विचारावे. आमच्या शेजारणीला ते कोणीच विचारले नव्हते.

– एक वाचक, सातारा