टॅरिफ भारत भरत नाही, तिकडचं गिऱ्हाईक भरतं

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या पेपरात अमेरिकेच्या टॅरिफबद्दल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या ड्युटीबद्दल, बरंच छापून आलं, वाचकांची पत्रंही आली, आणि जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळालं की ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये भारतावर ५० टक्के कर लावला, म्हणजे जणू दिल्लीहून कोणीतरी चेक लिहून वॉशिंग्टनला पाठवतंय. तसं नाहीये हो. मी हे जरा हक्काने सांगतोय, कारण जन्म माझा इथला दांडिया बाजारातला, शिक्षण इथल्याच युनिव्हर्सिटीत, १९८८ मध्ये नोकरीसाठी अमेरिकेला गेलो, १९९९ मध्ये तिथला नागरिक झालो आणि २००० पासून अध्यक्षाच्या प्रत्येक निवडणुकीत मत दिलंय. रिटायर झाल्यापासून हिवाळ्याचे चार महिने भावाकडे बडोद्याला असतो. मी अर्थतज्ज्ञ वगैरे नाही, पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, पण सदतीस वर्षं तिकडचा टॅक्स भरलाय त्यामुळे एवढं बोलायचा अधिकार आहे असं मला वाटतं.

आधी पैसे कोण भरतं ते बघू. इथून माल गेला, तिकडच्या बंदरात उतरला, की कस्टमला ड्युटी भरतो तो तिकडचा आयात करणारा. मग तो ती दुकानदारावर ढकलतो आणि दुकानदार गिऱ्हाईकावर. तिकडे राहणाऱ्या माझ्या मुलीने बडोद्याच्या मंगळबाजारातल्या एका दुकानातून लग्नासाठी १२० डॉलरचे कपडे मागवले होते. पूर्वी ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला तिकडे ड्युटी नव्हती, ती सवलत ऑगस्ट २०२५ च्या शेवटी सगळ्या देशांसाठी बंद झाली. कुरिअरवाला दारात उभा, म्हणाला आधी साठ डॉलरच्या वर भरा मग पाकीट देतो. तिने भरले. तिचा पगार अमेरिकेतला, नागरिकत्व अमेरिकेचं, पैसे गेले अमेरिकन सरकारला. यात भारताने काय भरलं सांगा?

भारताचं नुकसान होत नाही असं मात्र मी म्हणत नाहीये, ते होतं आणि चांगलंच होतं. माझ्या भावाचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं युनिट आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतात, बारा-चौदा माणसं. मी दिवाळीनंतर आलो तेव्हा शेडच्या डाव्या भिंतीला लाकडी खोकी छतापर्यंत रचलेली, प्रत्येकावर काळ्या स्टेन्सिलने तिकडच्या बंदराचं नाव मारलेलं, आत गंजू नये म्हणून तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माल. गिऱ्हाईक वाईट नाही, वीस वर्षांचा संबंध, त्याने फोन करून सांगितलं की ड्युटीतला थोडा भार तुम्ही उचला, थोडा मी उचलतो, उरलेला मी माझ्या गिऱ्हाईकाकडून काढतो, आणि तरी पुढची ऑर्डर निम्मीच देऊ शकेन. भावाने भाव आठ टक्के कमी केला, त्यात त्याचा बहुतेक सगळा नफाच गेला. पण बघा, उरलेला मोठा हिस्सा तिकडेच वसूल होणार, त्यातून जो पंप किंवा बॉयलर तयार होईल तो घेणाऱ्याकडून.

आता इथले लोक मला विचारतात की काका, डेमोक्रॅट भारताचे मित्र का रिपब्लिकन? मला हा प्रश्नच पटत नाही. तिकडचा मतदार भारताकडे बघून मत देत नाही, मी सुद्धा देत नाही. तिकडचं भांडण जुनं आहे आणि ते एवढंच आहे की सरकारचा खर्च कोणाच्या खिशातून करायचा आणि ते मतदाराला तोंडावर सांगायचं की नाही. सांगितलं की काय होतं ते मी स्वतःच्या राज्यात बघितलंय.

१९९३ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे क्लिंटन नवीन अध्यक्ष होते, सरकारची तूट फार वाढली होती, त्यांनी बजेट आणलं त्यात श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सचा वरचा दर ३१ वरून ३९.६ टक्क्यांवर नेला आणि पेट्रोलवर गॅलनला ४.३ सेंट वाढवले. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने बाजूने मत दिलं नाही. हाऊसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या खालच्या सभागृहात, ते २१८ विरुद्ध २१६ ने पास झालं आणि वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, समसमान मतं पडल्यावर उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने. मी तेव्हा नागरिक नव्हतो पण ती रात्र टीव्हीसमोर बसून बघितली. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या उपनगरातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या मार्जरी मार्गोलीस-मेझ्विन्स्की म्हणून एक डेमोक्रॅट बाई होत्या, त्यांचा मतदारसंघ पैसेवाल्यांचा, अध्यक्षांचा फोन आल्यावर त्यांनी शेवटच्या मिनिटाला बाजूने मत दिलं, तर समोरच्या बाकांवरचे लोक हात हलवून गुडबाय मार्जरी, गुडबाय मार्जरी ओरडायला लागले. आणि १९९४ मध्ये बाई पडल्या. नुसत्या त्या नाही, चाळीस वर्षांनी डेमोक्रॅटांच्या हातून हाऊस गेलं.

पण पुढे काय झालं? १९९८ ते २००१ सलग चार वर्षं अमेरिकेचं बजेट शिलकीत होतं, २००० मध्ये तर सुमारे २३,६०० कोटी डॉलर शिल्लक. इंटरनेटची तेजी होती हे खरं, रिपब्लिकनांच्या हातातल्या काँग्रेसने (तिकडच्या संसदेने) खर्चाला लगाम घातला हेही खरं, श्रेय एकट्या क्लिंटनना देऊ नका, पण ते मत पडलं नसतं तर हे झालं नसतं असं माझं ठाम मत आहे. तेव्हापासून तिकडच्या दोन्ही पक्षांनी धडा घेतला आणि तो नेमका उलटा घेतला, की सामान्य माणसाकडे सरळ कर मागायचा नाही. पेट्रोलवरचा केंद्राचा कर १९९३ मध्ये १८.४ सेंट झाला तो आजही तेवढाच आहे, तीसहून जास्त वर्षांत एक सेंट वाढवायची कोणाची हिंमत झालेली नाही, आणि रस्ते-पूल काय १९९३ च्या भावात दुरुस्त होतात का?

मी माझं पहिलं मत २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या धाकट्या बुश यांना दिलं. ते म्हणाले शिल्लक तुमची आहे, तुम्हाला परत देतो, आणि खरंच २००१ च्या उन्हाळ्यात आम्हा नवराबायकोला ६०० डॉलरचा चेक घरी आला. त्यातून बायकोने कपडे धुवायचं मशीन घेतलं, आम्ही खूश. वर्षभरात ती शिल्लक संपली होती आणि त्यानंतर दोन युद्धं झाली ती सगळी उधारीवर. तेव्हा अमेरिकेच्या सरकारचं कर्ज सहा लाख कोटी डॉलरच्या आत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ३८ लाख कोटींच्या वर गेलं, आणि नुसत्या व्याजाचा खर्च २०२४ मध्येच लष्कराच्या खर्चाइतका झाला होता. त्या मशीनचे पैसे माझी नातवंडं फेडणार आहेत, हे मला खरोखर लागतं.

२०१७ मध्ये ट्रम्प यांनी कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला, आणि ४ जुलै २०२५ ला सही केलेल्या कायद्यात त्यावेळच्या बाकीच्या बहुतेक सवलती कायमच्या केल्या. डेमोक्रॅटही काही वेगळे वागले नाहीत, उगाच त्यांची बाजू घेणार नाही. मार्च २०२१ मध्ये बायडन यांनी १.९ लाख कोटी डॉलर वाटले, माणशी १४०० चा चेक, त्याआधी ट्रम्प यांच्या काळात १२०० आणि ६०० येऊन गेलेच होते, आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के. कोविड होता, युक्रेनचं युद्ध होतं, सगळं कबूल, पण अंड्यांचा आणि दुधाचा भाव बघून माझे शेजारी जे चिडले ते काही उगाच नाही चिडले. आणि टॅरिफचं म्हणाल तर ट्रम्प यांनी २०१८ मध्ये चीनच्या मालावर लावलेलं बहुतेक टॅरिफ बायडन यांनी तसंच ठेवलं, उलट २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं १०० टक्के केलं. मी बुशना दोनदा मत दिलंय, ओबामांना एकदा, २०१२ ला रिपब्लिकन रॉम्नींना, आणि २०१६ पासून डेमोक्रॅट, ते मुख्य या टॅरिफपायीच, पण तेही मन मारूनच.

टॅरिफला मत देणारे वेडे नाहीत हे मात्र इथल्या लोकांनी समजून घ्यावं. मी राहतो तो नॉर्थॅम्प्टन काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, ओबामांना दोनदा, मग ट्रम्पना, मग बायडनना, मग परत ट्रम्पना मत देणारा. बाजूचं बेथलेहेम गाव एकेकाळी पोलादासाठी जगभर प्रसिद्ध होतं, तिथली भट्टी १९९५ मध्ये थंड झाली, कंपनीने २००१ मध्ये दिवाळं काढलं आणि त्या जागेवर आता कसिनो आहे. माझ्या समोरच्या घरातले गृहस्थ त्या भट्टीवर होते. त्यांना कोणी नेता म्हणाला की मी बाहेरचा माल अडवतो आणि तुझं काम परत आणतो, तर ते ऐकणारच, मीही ऐकलं असतं. पण त्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. मार्च २००२ मध्ये बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं होतं, डिसेंबर २००३ मध्ये काढलं, आणि त्याच दरम्यान बेथलेहेमची कंपनी विकली जाऊन संपली. टॅरिफ होतं तरी वाचली नाही. उलट जे कारखाने पोलाद विकत घेऊन वस्तू बनवतात, जसा माझा होता, त्यांचा कच्चा माल महागला आणि आमच्याकडे तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला. २०१८ नंतर चीनने सोयाबीन घेणं कमी केलं तर शेतकऱ्यांना भरपाई म्हणून २८०० कोटी डॉलर जाहीर करावे लागले, तेही आमच्याच खिशातून.

आता ट्रम्प यांनी अशीही भाषा केलीय की टॅरिफच्या उत्पन्नातून इन्कम टॅक्सच घालवू. हे वाचून मला बडोद्याचीच आठवण झाली. अमेरिकेत इन्कम टॅक्ससाठी घटनादुरुस्ती मंजूर झाली फेब्रुवारी १९१३ मध्ये, तोपर्यंत तिकडचं सरकार मोठ्या प्रमाणात कस्टम ड्युटीवरच चालायचं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप घेऊन डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकायला, आणि तिथले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन हे इन्कम टॅक्सचे मोठे पुरस्कर्ते. ज्याची कमाई जास्त त्याने जास्त भरावं हा विचार तिथे वर्गात शिकवला जात होता. ड्युटीत तसं नसतं ना, एक हजार डॉलर कमावणारा आणि एक लाख कमावणारा मुलाचे बूट घेताना सारखीच ड्युटी भरतात. माझ्या आजोबांनी सरकारवाड्यात कारकुनी केली, ते सांगायचे की महाराज कर बसवताना रयतेत कोणाला किती झेपेल ते विचारायचे. शंभर वर्षांनी एवढा मोठा देश परत मागे जातोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि राग कशाचा येतो सांगू? १९९३ ला निदान २१८ लोकांनी स्वतःच्या नावाने हात वर करून कर लावला होता. तिकडच्या घटनेत कर आणि ड्युटी लावायचा अधिकार काँग्रेसला आहे, स्पष्ट लिहिलंय, आणि ऑगस्ट २०२५ मधलं ते ५० टक्के १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन अध्यक्षांच्या सहीने लागलं, त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माझ्या खासदाराने त्यावर मतच दिलेलं नाही. मग मी जाब कोणाला विचारायचा? ३ नोव्हेंबर २०२६ ला हाऊसच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक आहे, बडोद्यातल्या शेकडो घरांतली मुलं-नातवंडं तिकडे मतदार आहेत, त्यांनी आपापल्या उमेदवाराला निदान हे विचारावं की बाबा, तू निवडून आल्यावर ड्युटी मत देऊन लावणार का परस्पर लागू देणार.

आपल्याला एकच विनंती आहे. यापुढे बातमी देताना कृपया "भारतावर टॅरिफ" असं न लिहिता "भारतीय मालावर टॅरिफ" असं लिहावं आणि जमलं तर ते कोण भरतं तेही एका ओळीत द्यावं. माझा भाऊ सुद्धा महिनाभर असंच समजत होता की हे पैसे आपलं सरकार देणार आहे.

आपला नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे