हाडाजवळचं बघ

भुईगाव, वसई
७ डिसेंबर

लाडके बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पपा, हॅम कसा करायचा ते दोन मिनिटांत सांगा," आणि मी सांगूनही टाकलं. फोन ठेवल्यावर तुझी आई चष्म्यावरून बघत म्हणाली, "एवढी वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत ती ह्यासाठीच का?" म्हणून आता वही घेऊन बसलोय. पत्राचा फोटो काढून शेजारचा पोरगा तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला लागतं.

तुझ्याकडे सासरची नऊ माणसं जेवायला येणार आणि नाताळचा हॅम पहिल्यांदाच तुझ्या हातचा, तेव्हा आधी एक गोष्ट सांगतो. ती तू अर्धवट ऐकलेली आहेस, कारण पूर्ण सांगायला मला लाज वाटायची.

१९८७ चा नाताळ. तू झाली नव्हतीस, आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. मी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात किचन हेल्पर होतो. नोव्हेंबर संपला की तिथे कोल्ड रूममध्ये डुकराच्या मागच्या तंगड्या मिठवणीत बुडवून ठेवायचे. मोठी पिंपं, वर लाकडी फळी, फळीवर दगड. मी रोज त्या पिंपांवरून उड्या मारत भाज्यांच्या गोणी आणायचो. चोवीस तारखेला त्या तंगड्या ओव्हनमधून सोनेरी होऊन निघायच्या, सुरी लावली की आत हाडापर्यंत गुलाबी. मला वाटलं, ह्यात काय आहे? मीठ आपल्या मिठागरातलं, डुक्कर गावातलं. नाताळला आपल्या टेबलावर नेहमीच्या आंबट-तिखट मांसाच्या इंद्यालाऐवजी हॅम ठेवायचा आणि सासऱ्यांना दाखवायचं की जावई नुसतेच कांदे सोलत नाही.

सहा किलोची तंगडी घेतली. जाडं मीठ, गूळ, मिरी, तमालपत्र आणि ओळखीच्या एका दुकानदाराकडून चिमूटभर सोरा. आमचा फ्रिज एवढासा, त्यात पिंप मावणार कुठून! मग पाचूबंदराहून मासेवाल्यांचा बर्फ आणायचा आणि पिंपाभोवती रचायचा. रोज सकाळी सायकलवर गोणपाटात बांधलेला बर्फ, बारा दिवस. आपला डिसेंबर तुला माहीत आहे, पहाटे गोधडी लागते आणि दुपारी पंखा. संध्याकाळी मी कामावरून येईपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सगळे टेबलाशी बसले. वरून काय रूप होतं म्हणून सांगू! लवंगा टोचलेल्या, गुळाचा पाक चकाकतोय. तुझ्या आजोबांनी पहिली सुरी घातली. दोन बोटं आतपर्यंत गुलाबी, सुंदर. मग करडं. मग हाडाशी हिरवट, आणि तो वास. कोणी काही बोललं नाही. तुझ्या आजीने ट्रे उचलला, परसात नेला आणि येताना इंद्यालाचं भांडं घेऊन आली. आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं तिने, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. वाढता वाढता म्हणाली, "पोरा, स्थळ बघायला गेल्यासारखं नुसतं बाहेरून बघितलंस."

चूक काय झाली ते मला जानेवारीत कळलं. हॉटेलातला खाटीक सकाळी सहाला यायचा आणि तंगड्या पिंपात टाकायच्या आधी जाड पोकळ सुईने हाडाच्या कडेकडेने, रक्तवाहिनीतून, मिठवणी आत टोचायचा. माझी ड्यूटी नऊची. मी पिंप बघितलं होतं, सुई बघितलीच नव्हती. मीठ बाहेरून आत फार सावकाश जातं. कोरडं मीठ चोळून मुरवणारे लोक जाडीच्या दर इंचाला सात दिवस धरतात, तेही दोन-चार अंशांच्या थंडीत. माझ्या तंगडीत मीठ हाडाशी पोचायच्या आधीच ऊब पोचली होती.

तेव्हापासून मला आपल्या लोकांच्या खाण्याचा अर्थ लागला. अर्नाळ्याला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील तीन-चार दिवसांत सुकतो, कारण तो बोटाएवढा. राजेळी केळी सोलून उन्हात घातली की सुकेळी होतात. बारीक वस्तू आपलं ऊन सांभाळतं, मांडीएवढी वस्तू सांभाळत नाही. पोर्तुगीजांकडे डोंगराळ भागात थंडीवाऱ्यात तंगड्या टांगून प्रेझुंतो करतात. पण वसईचा तह झाला २३ डिसेंबर १५३४ ला, म्हणजे नाताळच्या तोंडावरच, आणि पुढची दोनशे वर्षं ते इथे राहिले, तरी इथल्या घरांत रुजला तो प्रेझुंतो नव्हे. रुजलं ते वाइन-लसणात मुरवलेलं मांस, वाइनच्या जागी ताडीचा सिरका घालून. त्याचंच आपलं इंद्याल. लहान तुकडे, आंबट सिरका, मिरची, म्हणजे नासायला जागाच नाही. मी बर्फाच्या गोण्या वाहत होतो आणि आजीच्या हंडीत ह्या हवेचं उत्तर कधीचंच शिजत होतं.

असो. तू थंडीच्या मुलखात आहेस आणि तिथे मुरवायचं काम कारखान्याने आधीच केलेलं असतं. सुया टोचूनच. तुझं काम फक्त भाजायचं. पण दुकानात आधी लेबल वाच. "फुली कुक्ड" लिहिलं असेल तर तो शिजलेला आहे, तुला फक्त आतपर्यंत गरम करायचाय. तसं नसेल, शिजवून खा असं लिहिलं असेल, तर तो कच्चा. दोन्ही दिसायला गुलाबीच. तो रंग मुरवणीच्या मिठाचा असतो आणि शिजल्यावरही जात नाही, म्हणून रंगावरून काही ठरवायचं नाही. फोनवर मी "गुलाबी दिसला की काढ" असं म्हणालो होतो, ते खोडून टाक. तुझी आई त्यावरूनच बोलली, आणि बरोबर बोलली.

चार किलोचा, हाडासकट घे. नऊ माणसांना पुरून उरेल, आणि उरायलाच हवा. हॅम अर्धा करून विकतात. खालचा निमुळता भाग शँक, वरचा गोलसर तो बट. बटमध्ये मांस जास्त, पण आत कमरेचं हाड वेडंवाकडं असतं, पहिल्यांदा कापणाऱ्याची पाहुण्यांसमोर फजिती होते. तू शँक घे, एकच सरळ हाड. आधीच चकत्या पाडलेला मिळतो तो मला आवडत नाही. प्रत्येक फटीतून रस निघून जातो आणि खाताना पुठ्ठा. पण जावईबापूंनी तोच आणून ठेवला असेल तर त्यांना काही बोलू नकोस, फॉइल दुहेरी लाव आणि वेळ कमी धर.

गोठवलेला असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस आधी काढून ठेव. ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही. बाहेरचं वितळून कोमट होतं आणि हाडाशी बर्फ तसाच असतो. माझ्या तंगडीचीच गोष्ट उलट्या बाजूने.

तुझ्या ओव्हनवर फॅरनहाइटचे आकडे आहेत ना? ३२५ वर ठेव, आपले १६० च्या आसपास होतात. ट्रेमध्ये हॅमची कापलेली बाजू खाली, तळाला दोन पेले पाणी, वरून फॉइल घट्ट. शिजलेल्या हॅमला किलोला पस्तीस-चाळीस मिनिटं, म्हणजे चार किलोला अडीच तासांच्या आसपास. आसपास म्हणतोय, कारण घड्याळावर जायचं नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो तो विकत आण, हे माझं नाताळचं फर्मान समज. सर्वांत जाड जागी, हाडाच्या जवळ पण हाडाला न टेकता. हाडाला टेकला तर खोटं बोलतो. शिजलेला असेल तर ६० अंश सेल्सियस आले की पुरे. कच्चा असेल तर वेळ जास्त लागेल, मी तो ७१ पर्यंत नेतो आणि कोणी घाई केली तरी आधी काढत नाही.

आता वरचा लेप. हे काम आजीचं, कारण १९८८ पासून तिने तो माझ्या हातात दिलाच नाही. त्या वर्षी मी तयार मुरवलेला हॅम मुंबईहून आणला. घरात ओव्हन नव्हता. गावच्या पाववाल्याचा सकाळचा घाणा निघाला की भट्टी निवत जाते, तेव्हा तो लांब दांड्याच्या फावड्यावर आमचा ट्रे आत सारायचा. त्या दिवसांत अर्ध्या आळीचे ट्रे तिथे रांगेत, कोणाचं बदक, कोणाचा केक, आणि कडेला आम्ही नंबर लावून. ट्रेवर खडूने खूण केलेली असायची. एकदा आमच्याकडे दुसऱ्याचं बदक आलं होतं, ते आम्ही परत केलं, असं तुझी आई सांगते.

लेपाला गूळ घे, पाव किलोला थोडा कमी. तिकडे काकवी मिळाली तर गुळाऐवजी तीच, आयती पातळ असते. मोहरी फेसून दोन चमचे. बाटलीतली तयार मस्टर्ड चालते, पण आजीला फेसलेल्या मोहरीची नाकात जाणारी चव हवी असायची, मलाही. अननसाचा रस अर्धी वाटी, सिरका दोन चमचे. आणि चहाच्या चमच्याने अर्धा चमचा आपला तिखट बॉटल मसाला, त्याहून जास्त नाही, मिरची करपली की कडवट होते. मंद आचेवर बोटाला चिकटेल इतका आटव.

हॅमवर कातडी असेल तर सुरी आडवी घालून काढ, खालची चरबी मात्र राहू दे. चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या चिरा दे, खोल नको, मांसाला लागू नयेत. प्रत्येक शंकरपाळीत एक लवंग. तू लहानपणी हे करायचीस आणि मधेच लवंगा खायचीस.

लेप शेवटच्या अर्ध्या तासात लावायचा. आधी लावलास तर साखर जळून काळी होईल आणि आतलं अजून गार. शिजलेल्या हॅममध्ये थर्मामीटर ५०-५२ दाखवायला लागला की फॉइल काढ, ओव्हन ४०० वर ने, निम्मा लेप फास, दहा मिनिटांनी उरलेला. ह्या वेळी ओव्हनसमोरून हलायचं नाही. कोणी बेल वाजवली तर दुसऱ्याने दार उघडावं. पण जेवायची वेळ झाली आणि वर छान तांबूस झालं म्हणून काढून मोकळी होऊ नकोस, पुन्हा एकदा थर्मामीटर खुपस. मग वीस मिनिटं तसाच राहू दे, रस आत मुरतो. तेवढ्यात पाहुण्यांना सरबत दे.

कापताना धाग्यांच्या आडवं काप, हाडाच्या दिशेने खाली, मग हाडाला धरून सुरी फिरव की चकत्या सुटून येतात. सोबत फुगे, म्हणजे आपले पिठाचे तळलेले गोळे, करणार असशील तर पीठ आदल्या रात्रीच भिजव. पीठ फुगायला तिकडे ताडी नाही, यीस्ट घाल. तुझ्या सासूबाईंना पाव हवा असेल तर पाव ठेव, त्यात कमीपणा नाही.

उरलेला हॅम दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तीन-चार दिवस चांगला राहतो. हाड टाकलंस तर माझ्याशी बोलू नकोस. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून ठेव आणि ते हाड पाण्यात तासभर उकळून त्या पाण्यात वाल शिजव. मीठ शेवटी, चाखून, कारण हाडच खारट असतं. वर खोबरं आणि एक आमसूल. सव्वीस तारखेला आमच्याकडे सगळे ह्या वालासाठीच यायचे, हॅम हे निमित्त.

ह्या वर्षी आम्ही दोघंच. तुझी आई म्हणते इंद्याल पुरे. मी वांद्र्याहून एक किलोचा बिनहाडाचा लहानसा आणणार आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. पाववाल्याच्या मुलाला विचारलं, आता भट्टी तोच बघतो. म्हणाला, अंकल, कोणी ट्रे आणत नाही आता, तुम्ही आणा.

बॉटल मसाला तुझ्या मावशीबरोबर पाठवलाय, तीन पिशव्यांत बांधून. पोचला की कळव. आणि नाताळला सगळे हॅमचा वरून काढलेला फोटो पाठवतात, चकचकीत, तसला नको. कापून झाल्यावरचा पाठव, हाडाजवळचा.

तुझे,
पपा